पान एकशे बारा

जिन्याखाली आहे आमचा विभाग.
पूर्वी इथं चपला ठेवायचे लोक,
आता स्कॅनर, भिंतीवरचा पंखा आणि मी,
अनुराधा बोईनवाड, कंत्राटी, अकरा महिन्यांची.
बारावा महिना कुणीच मोजत नाही.

बाहेर नांदेडचं ऊन फरशीवर पाय टेकू देत नाही.
आत सरांची मागणी येऊन पडलेली असते:
इतिहास, तिसरं सत्र, प्रकरण पाच, आजच लिंक द्या.
नियम भिंतीवर चिकटवलाय,
एका पुस्तकाचं एकच प्रकरण
नाहीतर शंभरातली दहा पानं.
म्हणजे एवढ्या मोठ्या पंगतीतून
एक वाटी घरी न्यायची मुभा.
बाकीचं इथंच, कुलपात.

मुजीबचाचा पुस्तक आणतात
फडक्यानं पुसून, आधी पाठ मग पोट.
‘याची शिवण ढिली झाली बेटा,
पुरं उलथं करू नको.
म्हाताऱ्याला कुशीवर घेतात तसं घे.’
मी घेते.
उजेडाची पट्टी या कडेकडून त्या कडेला जाते
आणि पान किनवटला पोचतं, देगलूरला पोचतं,
जिथं या इमारतीची पायरी कुणी पाहिली नाही तिथं.

वाचत नाही मी.
दिवसाला चारशे पानं. वाचत बसलं तर व्हायची नाहीत.
सापडतं ते बाजूला काढते:
हिंगोली ते वसमत एसटीचं तिकीट,
कुणाचा तरी पासपोर्ट फोटो, कान अर्धा कापलेला,
आणि समासात पेन्सिलीनं एकदा, ‘खोटं!’
तेही मी स्कॅन केलं. प्रकरणातच होतं.

मंगळवारी मेसेज आला.
‘मॅडम, मी वैजयंता टारपे.
पान एकशे बारा, खालून चौथी ओळ,
तुमचा अंगठा आलाय.
अंगठ्याखाली काय आहे?
आमच्याकडं पाण्याच्या टाकीवर चढलं तरच रेंज येते,
तिथूनच पाठवायलेय, लवकर सांगा.’

फाईल उघडली. खरंच.
केवढा मोठा दिसतो अंगठा!
नखाच्या कडेला हळद,
विळीनं कापल्याची जुनी खूण.
आयुष्यात पहिल्यांदा
कुठल्या पुस्तकात मी आले होते
ते असं, ओळ दाबून.

चाचा नमाजला गेलेले.
स्टुलावर चढून मीच पुस्तक काढलं,
आणि पान शोधता शोधता वाचलंही.
दुष्काळी काम. तळ्याची भिंत.
दगड वाहणारे: सटवा, यल्लू, पिराजी
आणि मग माझ्या अंगठ्याची जागा.
तिथं दोन शब्द होते,
‘व इतर’.
पुढच्याच ओळीत मुकादमाचं नाव,
बापाच्या नावासकट, आडनावासकट.

एवढ्यासाठी चढली ती टाकीवर?
म्हटलं, दुसरं काही असेल, नीट बघू.
कागद उजेडात धरला.
नव्हतं. तेवढंच होतं.

पाठवलं: व इतर.
बराच वेळ काही नाही.
एक हात शिडीला, एका हातात फोन,
अशी मला ती दिसत राहिली, तोंड न पाहिलेली.
मग उत्तर आलं.
अंगठा.
पिवळा, गुळगुळीत, नख नसलेला.

साहेब म्हणाले, पान पुन्हा घ्या, हात येऊ देऊ नका.
घेतलं. आता सगळं स्वच्छ दिसतं,
ते दोन शब्दसुद्धा.

त्या दिवसापासून मात्र
मी प्रकरण सहा उघडून बघते,
जे पाठवायची परवानगी नाही.
उभ्या उभ्या, पाठवलेल्या पुस्तकांच्या गठ्ठ्याला टेकून.
तळं पुढं भरलं का, ते अजून आलेलं नाही.
चाचा बघतात, बोलत नाहीत.
साडेपाचला पंख्याचं बटण बंद करतात
आणि दिव्याचं विसरतात.